बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये कोण जिंकवतं, मोमेंटम की नशीब?

३१ ऑक्टोबर २०२५, टोरोंटो. वर्ल्ड सिरीजची, म्हणजे बेसबॉलच्या सात मॅचच्या फायनलची, सहावी मॅच, शेवटची म्हणजे नववी इनिंग. टोरोंटो ब्लू जेज सिरीजमध्ये ३-२ ने पुढे, ही मॅच घेतली की १९९३ नंतर पहिल्यांदा कप त्यांचा, पण मॅचमध्ये मात्र ते लॉस एंजेलिस डॉजर्सच्या १-३ असे मागे. एक खेळाडू पहिल्या बेसवर उभा होता आणि अ‍ॅडिसन बार्जरने असा सणसणीत फटका मारला की बॉल पार मैदानाच्या भिंतीपर्यंत गेला, आणि तिथेच रुतून बसला, भिंतीचं पॅडिंग आणि जमीन यांच्या मधल्या फटीत. नियम असा आहे की बॉल अडकला तर मारणारा दुसऱ्या बेसवर थांबणार आणि पहिल्या बेसवरचा तिसऱ्यावर, पुढे जायचं नाही. चारही बेस फिरून आलं की एक रन, म्हणजे जी रन जवळपास झालेलीच होती ती मोजलीच गेली नाही. तीन आउट झाले की इनिंग संपते, पुढच्या दोन बॅटरमध्येच तिन्ही झाले, मॅच डॉजर्सची. दुसऱ्या रात्री सातवी मॅच ११ इनिंगपर्यंत ताणली आणि ५-४ ने कपही डॉजर्सचा.

मग सगळीकडे एकच वाक्य, "सहाव्या मॅचनंतर मोमेंटम फिरलं." सिएटल, बे एरिया, न्यू जर्सीकडे राहणारे आपले मराठी लोक आता हा खेळ बऱ्यापैकी बघायला लागलेत आणि दर ऑक्टोबरला त्यांच्या गप्पांतही हा शब्द येतोच. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, नशिबाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा आहे आणि मोमेंटम हे बहुतेक वेळा निकाल लागल्यावर चिकटवलेलं नाव आहे. पण नुसतं मत सांगून भागत नाही, हिशोब मांडावा लागतो, तर तो मांडूया.

आधी दोन शब्द नीट ठरवू

नशीब म्हणजे इथे ग्रह-तारे नाहीत. जे खेळाडूच्या हातात नसतं आणि पुढच्या वेळी तसंच होईल याची काही खात्री नसते, ते नशीब. फटीत अडकलेला बॉल हे त्याचं अगदी स्वच्छ उदाहरण.

मोमेंटम म्हणजे नुसतं "टीम चांगली खेळतेय" असं नाही, तेवढंच म्हणायचं असेल तर "टीम चांगली आहे" हे पुरेसं आहे. मोमेंटमचा दावा जास्तीचा आहे. आज जिंकल्यामुळे उद्या जिंकायची शक्यता वाढते, टीमचा मूळ दर्जा जेवढा आहे त्याच्यावर अजून काहीतरी, असा तो दावा आहे. हा फरक लक्षात ठेवला नाही तर पुढची सगळी चर्चा नुसती गोल गोल फिरत राहते.

हा खेळच मुळात अटीतटीचा आहे

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये (टोरोंटो धरून) ३० टीम आहेत, दोन लीगमध्ये वाटलेल्या, आणि प्रत्येक टीम एका सीझनमध्ये १६२ मॅच खेळते, जवळपास रोज एक. सिएटल मरिनर्सने २००१ मध्ये ११६ मॅच जिंकल्या, यापेक्षा जास्त आजवर कोणी जिंकलेल्या नाहीत, तरी त्यांनी ४६ हरल्याच. उलट टोकाला २०२४ चे शिकागो व्हाइट सॉक्स, १२१ मॅच हरले, आधुनिक काळातला सगळ्यात वाईट आकडा, तरी त्यांनी ४१ जिंकल्या. म्हणजे अतिशय भारी टीमही चारातली एक मॅच हरते आणि अतिशय वाईट टीमही चारातली एक जिंकते. सहसा लीगमधली पहिल्या नंबरची टीम शंभरातल्या साठेक मॅच जिंकते, बस.

असं का, तर बॉल गोल, बॅटही गोल, आणि फटका बॅटवरून निघाला की तो कुठे पडणार यात कौशल्याइतकाच योगायोग असतो. पिचर म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. त्याने टाकलेला बॉल बॅटरने मैदानात मारला तर साधारण शंभरातले तीसेक फटके बेस मिळवून देतात आणि बाकीचे आउट होतात. व्होरोस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये आकडे मांडून दाखवलं की या तीसाच्या आकड्यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. जोरदार फटका थेट फील्डरच्या हातात जाऊ शकतो आणि बॅटच्या कडेला लागून हळूच उडालेला बॉल तीन फील्डरच्या मधोमध पडू शकतो. लांब सीझनमध्ये हे सगळं एकमेकांना कापून जातं, एका संध्याकाळी मात्र तेच मॅच ठरवतं.

शितावरून भाताची परीक्षा इथे का होत नाही

शितावरून भाताची परीक्षा होते कारण भांड्यातलं प्रत्येक शीत साधारण सारखंच शिजलेलं असतं. बेसबॉलच्या मॅच तशा नसतात, प्रत्येक शीत वेगळं, एक कच्चं तर एक गळून गेलेलं, त्यामुळे भात शिजलाय का हे कळायला मूठभर शितं लागतात. आणि प्लेऑफ म्हणजे नेमकी चार-पाच शितंच.

सध्या, म्हणजे २०२२ पासून, १२ टीम प्लेऑफमध्ये जातात. पहिली फेरी तीन मॅचची, दुसरी पाचची, मग सेमीफायनलसारखी सातची आणि शेवटी वर्ल्ड सिरीज पण सातची. ज्याने आधी अर्ध्याहून जास्त जिंकल्या तो पुढे. दोन्ही लीगमधल्या वरच्या दोन-दोन टीमना पहिली फेरी खेळावी लागत नाही, त्यांना थेट दुसऱ्या फेरीत प्रवेश.

आता समजा एक टीम समोरच्यापेक्षा खरोखर चांगली आहे आणि प्रत्येक मॅच जिंकायची तिची शक्यता ५५ टक्के आहे. दोन्ही टीम दर्जेदार असताना एवढा फरक चांगलाच म्हणायचा. तर तीन मॅचची सिरीज ती जिंकेल याची शक्यता ५७ टक्के, पाचची ५९, सातची ६१. बस एवढंच! सात मॅच खेळूनही शंभरातल्या ३९ वेळा कमी दर्जाची टीम पुढे जाणार. आणि कप घ्यायचा तर सलग तीन फेऱ्या जिंकायच्या आहेत, तेव्हा ते ५९, ६१ आणि ६१ टक्के एकमेकांना गुणायचे, उत्तर येतं २२. पहिली फेरीही खेळावी लागली तर १३ च्या आत.

मग चांगली टीमच जिंकेल अशी खात्री हवी असेल, समजा ९५ टक्के, तर किती मॅचची सिरीज लागेल? २७० च्या आसपास. कॅलेंडरात तेवढे दिवस तरी कुठून आणायचे.

आणि १६२ मॅचचा सीझनसुद्धा पूर्ण स्वच्छ आरसा नाही. अगदी मधल्या दर्जाची टीम, जिचा प्रत्येक मॅचचा चान्स अर्धा-अर्धा आहे, ती नुसत्या योगायोगाने ७५ जिंकू शकते किंवा ८७, दोन्हीत आश्चर्य काहीच नाही. म्हणून ८८ जिंकलेली टीम ८४ वाल्यापेक्षा भारी असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

"पण तापलेली टीम थांबवता येत नाही ना?"

हा पहिला आक्षेप, आणि याचीच उदाहरणं लोक सगळ्यात जास्त देतात. तर तापलेल्या टीमच बघूया.

२००७ ची कोलोरॅडो रॉकीज. सीझनच्या शेवटच्या १५ पैकी १४ मॅच जिंकल्या, मग प्लेऑफमध्ये ३-० आणि ४-०, म्हणजे २२ पैकी २१ विजय! मोमेंटम नावाची गोष्ट असेल तर ती यापेक्षा मोठी असूच शकत नाही. मग आठ दिवसांची सुट्टी आली आणि वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टनने त्यांना ४-० असं धुतलं. २०१४ ची कॅन्सस सिटी रॉयल्स, प्लेऑफमध्ये सलग आठ विजय घेऊन वर्ल्ड सिरीजला आली आणि सातव्या मॅचमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून हरली. क्लीव्हलंडने २०१७ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सलग २२ मॅच जिंकल्या, त्यांच्या पहिल्याच सिरीजमध्ये न्यूयॉर्क यांकीजवर २-० ची आघाडीही घेतली आणि मग ओळीने तीन हरून घरी. ओकलंडने २००२ मध्ये सलग २० जिंकल्या होत्या, तेही पहिल्याच सिरीजमध्ये बाहेर.

आता थंड पडलेल्या टीम. २००० ची न्यूयॉर्क यांकीज, सीझनच्या शेवटच्या १८ पैकी १५ मॅच हरली, प्लेऑफला कशीबशी पोचली, आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. २००६ ची सेंट लुईस कार्डिनल्स तर सप्टेंबरच्या शेवटी सलग सात हरली, सीझनमध्ये फक्त ८३ विजय, आणि कप त्यांचाच. त्यांच्यासमोर कोण होतं? डेट्रॉईट टायगर्स, जे सीझनच्या शेवटच्या पाचही मॅच हरले होते पण मग यांकीजना आणि ओकलंडला पाडून सलग सात विजय घेऊन फायनलला आले होते. म्हणजे थंड असताना एकदम तापले आणि तापलेले असताना एकदम थंड पडले. यातलं मोमेंटम कोणतं धरायचं?

निवडक उदाहरणांनी काही सिद्ध होत नाही हे बरोबरच आहे, माझ्याही नाही. पण "तापलेली टीम थांबत नाही" असा सरळ नियम कोणी सांगत असेल तर तो मोडायला एवढी उदाहरणं पुरेशी आहेत.

"२००४ च्या बोस्टनचं काय?"

हे बोलल्याशिवाय बेसबॉलची कुठलीच चर्चा संपत नाही आणि संपूही नये, कारण ती सिरीज खरंच विलक्षण होती. वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरी, बोस्टन रेड सॉक्स यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे, तिसरी मॅच तर १९-८ अशी हरलेले. चौथ्या मॅचच्या नवव्या इनिंगमध्येही मागे, समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे शेवटची इनिंग बंद करण्यात इतिहासातला सर्वोत्तम पिचर. तिथे बोस्टनच्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता पळत गाठला, अगदी थोडक्यात वाचला, मग बरोबरी झाली, मग बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझचा होमरन, म्हणजे बॉल थेट भिंतीपलीकडे. त्यानंतर बोस्टन हरलंच नाही, यांकीजवर चार आणि कार्डिनल्सवर चार, सलग आठ.

याला मोमेंटमचा पुरावा म्हणतात. पण नीट बघा, तीन मॅच संपल्यावर मोमेंटम कोणाकडे होतं? यांकीजकडे, आणि १९-८ असं डोंगराएवढं. ते जर खरं बळ असतं तर चौथ्या रात्री ते कुठे गेलं? आपण म्हणतो "फिरलं". पण जी गोष्ट नेमकी निकालाबरोबरच फिरते आणि फिरल्याचं आपल्याला निकालानंतरच कळतं, ती निकालाचं कारण कशी असेल? रॉबर्ट्सचा हात बेसला लागायला थोडासा उशीर झाला असता तर आपण आज म्हणत असतो की यांकीजचं मोमेंटम कोणाला रोखता आलं नाही.

२०२५ मध्येही तेच झालं. तिसरी मॅच १८ इनिंग चालली आणि फ्रेडी फ्रीमनच्या होमरनवर डॉजर्सने ६-५ ने जिंकली, अशा हारेनंतर टोरोंटोचं कंबरडं मोडणार असं सगळे म्हणत होते. टोरोंटोने पुढच्या दोन्ही मॅच डॉजर्सच्याच मैदानावर ६-२ आणि ६-१ अशा घेतल्या.

"खेळाडू स्वतः सांगतात की मोमेंटम असतं"

सांगतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. सलग जिंकत असताना ड्रेसिंग रूममध्ये वेगळी हवा असते, झोप चांगली लागते, चुकांची भीती कमी होते. ती भावना खरीच. प्रश्न एवढाच आहे की त्या भावनेवरून उद्याचा निकाल सांगता येतो का.

यावर गंभीर अभ्यास बास्केटबॉलमध्ये झालाय. १९८५ मध्ये गिलोविच, वॅलोन आणि ट्वर्स्की या तिघांनी म्हटलं की सलग दोन-तीन बास्केट टाकणाऱ्याचा पुढचा शॉट जाण्याची शक्यता काही वाढत नाही, "हात तापलाय" हा भ्रम आहे. तीसेक वर्षं हेच शिकवलं गेलं. मग २०१८ मध्ये मिलर आणि सान्हुर्हो या दोघांनी त्या मोजणीतलीच खोट दाखवली आणि ती फार सुंदर आहे. नाणं तीनदा उडवा. छाप्यानंतर लगेच पुन्हा छापा किती वेळा आला याचं प्रमाण काढा, असे खूप संच करा आणि त्या प्रमाणांची सरासरी घ्या. वाटतं ५० टक्के येईल, येते जेमतेम ४२! छोट्या संचात मोजणीची पद्धतच उत्तर खाली ओढते, कागदावर सगळ्या आठ शक्यता मांडून बघा, खरंच तसं निघतं. ही खोट काढून टाकली तर बास्केटबॉलमध्ये हात तापणं थोडंसं का होईना दिसतं.

म्हणून "मोमेंटम मुळी नसतंच" असं मी म्हणणार नाही. पण एका माणसाच्या हाताने एकामागोमाग मारलेले शॉट वेगळे आणि २६ जणांच्या टीमने २४ तासांनंतर, वेगळ्या पिचरसमोर खेळलेली मॅच वेगळी. बाल्टिमोर ओरिओल्सचे जुने मॅनेजर अर्ल वीव्हर यांच्या नावाने सांगतात की मोमेंटम म्हणजे दुसऱ्या दिवशीचा तुमचा पिचर. मला या वादावरचं हे सगळ्यात नेमकं उत्तर वाटतं.

मोमेंटमसारखं दिसणारं पण वेगळंच काहीतरी

कारण प्लेऑफमध्ये टीम खरोखरच बदलते. सीझनमध्ये रोज मॅच असते म्हणून सुरुवात करणारे पाच पिचर आळीपाळीने लागतात. प्लेऑफमध्ये मधे सुट्ट्या असतात, त्यामुळे तीन-चार सर्वोत्तम पिचरवर काम भागतं आणि पाचवा बाकावर. ज्या टीमकडे दोन-तीन जबरदस्त पिचर आहेत आणि बाकी साधारण, ती टीम ऑक्टोबरमध्ये अचानक मोठी होते. अ‍ॅरिझोनाने २००१ मध्ये रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग यांच्या जोरावर कप घेतला. २०१४ मध्ये जायंट्सच्या मॅडिसन बमगार्नरने सातव्या मॅचच्या शेवटच्या पाच इनिंग एकट्याने टाकल्या. रॉयल्सचं ते आठ विजयांचं मोमेंटम थांबलं ते इथे, एका डाव्या हातापाशी.

डॉजर्सचंच बघा. २०२५ च्या सीझनमध्ये ब्लेक स्नेल आणि टायलर ग्लासनाऊ कित्येक महिने दुखापतीने बाहेर, शोहेई ओहतानी जूनपर्यंत पिचिंगच करत नव्हता. ऑक्टोबरमध्ये तिघेही फिट, जोडीला योशिनोबू यामामोटो, ज्याने वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी सातवीत परत येऊन शेवटचे आउटही त्यानेच काढले. सीझनमध्ये ९३ विजय मिळवणारी टीम आणि ही टीम कागदावरसुद्धा एक नव्हती. लोकांना दिसतं "योग्य वेळी तापले", खरं कारण असतं की जखमी माणसं परत आली.

"मग डॉजर्स लागोपाठ दोनदा कसे जिंकले?"

१९९८ ते २००० च्या यांकीजनंतर लागोपाठ कप घेणारी ही पहिलीच टीम, म्हणून हा प्रश्न रास्त आहे. पण फक्त दोन वर्षं बघू नका. डॉजर्स २०१३ पासून २०२५ पर्यंत दर वर्षी, सलग १३ वेळा प्लेऑफमध्ये गेलेत. त्यातले कप तीन, २०२०, २०२४ आणि २०२५. तेरातले तीन म्हणजे २३ टक्के, आणि वर आपण काढलेला आकडा होता २२! इतका जवळ येणं हाही थोडा योगायोगच, तेरा म्हणजे काही फार मोठा नमुना नाही, पण चित्र बरोबर आहे. २०२२ मध्ये त्यांनी १११ मॅच जिंकल्या होत्या आणि ८९ वाल्या सॅन डिएगोने त्यांना ३-१ ने पाडलं, याच डॉजर्सना तेव्हा "प्लेऑफमध्ये दम नाही" म्हणायचे.

अटलांटा ब्रेव्हजने १९९१ ते २००५ मध्ये (१९९४ चा सीझन संपामुळे अर्धवट राहिला तो सोडून) दर वर्षी आपली डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली, १४ वेळा, आणि कप फक्त एक, १९९५ चा. तेव्हा पैसा, स्काउटिंग म्हणजे चांगले खेळाडू हेरणं, चांगलं व्यवस्थापन याने काय मिळतं, तर दर वर्षी दारापर्यंत पोचायची संधी. जितक्या वेळा पोचाल तितक्या वेळा दार उघडण्याची शक्यता.

सुट्टीमुळे लय बिघडते का?

वरच्या टीमना पहिल्या फेरीत सुट्टी मिळते ना, त्यावर २०२३ मध्ये मोठी ओरड झाली. त्या वर्षी १०० हून जास्त विजय मिळवणारे अटलांटा आणि बाल्टिमोर आणि बरोबर १०० वाले डॉजर्स, तिघेही सुट्टी संपवून आल्या आल्या हरले, तिघांनी मिळून फक्त एक मॅच जिंकली. सगळे म्हणाले पाच दिवस बसवून ठेवल्यामुळे लय गेली, फॉरमॅट बदला. तेव्हा ते पटण्यासारखं होतं. पण पूर्ण यादी मांडली की काय दिसतं? सुट्टी घेतलेल्या चारपैकी २०२२ मध्ये दोन पुढे गेल्या, २०२३ मध्ये एक, २०२४ मध्ये तीन, २०२५ मध्येही तीन. सोळापैकी नऊ, म्हणजे ५६ टक्के. पाच मॅचच्या सिरीजमध्ये थोड्या चांगल्या टीमचा जेवढा चान्स असतो साधारण तेवढाच. सुट्टीचा शाप वगैरे काही नव्हतं, नमुना छोटा होता.

मग फॉरमॅटचं काय करायचं?

१९६८ पर्यंत दोन्ही लीगचे अव्वल थेट वर्ल्ड सिरीज खेळायचे, मधे काहीच नाही. १९६९ मध्ये एक फेरी वाढली, १९९५ पासून तीन फेऱ्या, २०१२ मध्ये त्याआधी आणखी एका मॅचची फेरी आणि २०२२ पासून १२ टीम. प्रत्येक वाढीव फेरीने सीझनभर सर्वोत्तम ठरलेल्या टीमचा चान्स कापलाय. टीव्हीचा पैसा वाढला, जास्त शहरांना ऑक्टोबरपर्यंत आशा मिळाली, हेही खरं आणि त्याचं मोल आहेच. २०२३ मध्ये फक्त ८४ विजयांवर अ‍ॅरिझोना वर्ल्ड सिरीजला पोचली, तिथल्या लोकांना तो महिना कायम लक्षात राहील.

दुसरी फेरी पाचऐवजी सात मॅचची करा अशी मागणी सारखी येते. करा, पण ५९ चे ६१ टक्के होणार, फार काही साधत नाही. मला पटतो तो उपाय वेगळा आहे. युरोपच्या फुटबॉलमध्ये लीगचं विजेतेपद वेगळं आणि नॉकआउट कप वेगळा, दोन्हींचा मान वेगळा. बेसबॉलने १६२ मॅचच्या टेबलात पहिल्या येणाऱ्या टीमला स्वतःची ट्रॉफी, समारंभ आणि इतिहासात पहिल्या ओळीची जागा द्यायला हवी. मिलवॉकी ब्रूअर्सने २०२५ मध्ये सीझनभरात सगळ्यांत जास्त, ९७ मॅच जिंकल्या, त्यात डॉजर्सविरुद्धच्या सहाही होत्या. मग ऑक्टोबरमध्ये त्याच डॉजर्सकडून ते चार मॅच ओळीने हरले, प्रत्येक मॅचमध्ये जेमतेम एक रन काढून. या टीमने आजवर एकदाही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही, आणि त्या ९७ विजयांचं त्यांच्याकडे काय राहिलं, तर डिव्हिजनचा एक झेंडा.